वन्संनी आधी स्वतःवर करून पाहिलं

आमच्या वन्संकडून भुवया करून घेताना मधेच डोळे उघडायची हिंमत फार थोड्या बायका करतात. उघडले, तर नाकाला नाक लागेल इतक्या जवळ वन्संचा चेहरा दिसतो. दातात दोरा, बारीक केलेले डोळे आणि श्वासाला वेलदोड्याचा वास. एका नवख्या बाईनं एकदा उघडले आणि खुर्चीसकट मागे सरकली. "मला वाटलं मुका घेताय की काय," ती म्हणाली. वन्सं दातातला दोरा न सोडता म्हणाल्या, "मुक्याचे वेगळे पडतील."

हे सगळं आधीचं. आता तसं राहिलेलं नाही, आणि का राहिलं नाही तेच सांगायला बसले आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. घराच्या पुढच्या खोलीत आमचं पार्लर आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे आणि भिंतीला टेकवलेला एक बाक. केस कापायचं, रंगवायचं काम माझं, दोऱ्याचं सगळं वन्संचं. मी कात्री उत्तम चालवते. हे मीच सांगते, कारण या घरात दुसरं कोणी सांगत नाही. पण बायका येतात त्या वन्संच्या भुवयांसाठी, हेही तितकंच खरं. या दोऱ्यावर वन्संनी घर उभं केलं, धाकट्या भावाचं शिक्षण केलं आणि मग त्याचं लग्न माझ्याशी लावून दिलं. शेवटच्या गोष्टीबद्दल मी त्यांना अधूनमधून जाब विचारत असते.

त्यांना शाळेपासून चष्मा, नंबर साडेपाच. चष्मा काढला की दारातून गिऱ्हाईक आलं की सख्खा भाऊ आला हे त्यांना आवाजावरून कळायचं. पण वीतभर अंतरावरचं जे दिसायचं, ते तुम्हाआम्हाला भिंग लावूनही दिसणार नाही. म्हणून काम सुरू करताना त्या चष्मा डोक्यावर सरकवत, चेहरा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याशी नेत आणि कातडीतून जेमतेम वर आलेला केससुद्धा उचलत.

वन्संचा एक नियम होता. जे स्वतःला लावून पाहिलं नाही ते गिऱ्हाइकाला लावायचं नाही. नवीन वॅक्स आलं की आधी त्यांच्या हातावर. नवीन ब्लीच आलं की आधी त्यांच्या जबड्याखाली. एकदा कुठल्याशा कंपनीच्या रंगानं त्यांच्या कपाळावरची बट गाजरासारखी झाली. ती बट तशीच मिरवत त्यांनी त्या कंपनीच्या माणसाची वाट पाहिली आणि तो आल्यावर सगळे खोके त्याच्या हातात परत ठेवले. तोंडातून एक शब्द काढला नाही, फक्त डोकं पुढे केलं.

तर आमच्या समोरच्या कोपऱ्यावर डोळ्यांच्या लेझरचं क्लिनिक उघडलं. काचेचं दार, आत गार हवा, बाहेर एका हसऱ्या बाईचा भलामोठा फोटो आणि खाली 'चष्मा विसरा!' त्या बाईला जन्मात कधी चष्मा लागला असेल असं काही वाटत नव्हतं. काही दिवसांतच त्यांची मार्केटिंगवाली आमच्याकडे भुवया करायला आली. टापटीप, गोड बोलणारी, गळ्यात ओळखपत्र. आम्ही तिला लेझरबाई म्हणायला लागलो.

लेझरबाई खुर्चीत बसल्याबसल्याच मुद्द्यावर आली. लग्न ठरलेल्या मुली पार्लरमध्ये येतात, त्यातल्या निम्म्यांना चष्मा असतो, चष्मा घालून फोटो काढून घ्यायला कोणाला आवडतं? आम्ही काउंटरवर क्लिनिकची कार्डं ठेवायची, मुली पाठवायच्या. त्या बदल्यात वन्संचं ऑपरेशन मोफत.

"कार्डं ठेवू," वन्सं म्हणाल्या, "पण आधी माझं होऊ दे. मला बरं वाटलं तर पोरींना सांगेन. नाही वाटलं तर तुझी कार्डं तुला परत."

लेझरबाईनं टाळीच वाजवली. "मॅडम, असं म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच!"

मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, हातावर वॅक्स लावून बघणं वेगळं आणि डोळे वेगळे. तो म्हणाला, तूच सांग तिला. आपल्या बहिणीला काही सांगायची वेळ आली की माझा नवरा नेहमी असाच उदार होतो.

तपासणीला मी बरोबर गेले. डोळ्यांत थेंब, यंत्राला हनुवटी टेकव, वर बघ, खाली बघ. मग लेझरबाईनं आम्हाला सोफ्यावर बसवून चष्मा गेलेल्या लोकांची फिल्म दाखवली. सगळे पळत होते, पोहत होते, वाऱ्यावर केस उडवत होते. मग तिनं विचारलं, "मॅडम, कामात चष्म्याचा त्रास होतो का?"

"त्रास म्हणजे? काम सुरू करायचं तर आधी तो काढूनच ठेवावा लागतो."

"बघा! मग तर तुम्हाला हे सगळ्यात आधी करायला हवं!"

तिघीही खूश झालो. चष्मा काढून तुम्ही कसल्या डोळ्यांनी काम करता, एवढं मात्र कोणी विचारलं नाही.

डॉक्टर शांत माणूस होता. त्यानं सांगायचं ते सांगितलं, नाही असं नाही. डोळे काही महिने कोरडे राहतील, काहींचे जास्त दिवस राहतात. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसतील. फार थोड्या लोकांना याहून मोठा त्रास होतो. आणि चाळिशीनंतर जवळचा चष्मा सगळ्यांनाच लागतो, तो या ऑपरेशननं टळत नाही. आम्ही वॅक्स ओढायच्या आधी 'थोडं चुरचुरेल हं' म्हणतो ना, त्याच सुरात तो हे एका दमात बोलून गेला. वन्संनी मान डोलावली आणि दाखवतील तिथं सही केली.

रस्ता ओलांडताना मला म्हणाल्या, "मी पंचेचाळिशीची झाले. जवळचा लागायचा असता तर एव्हाना लागला नसता का? जवळचं तर मला घारीसारखं दिसतं."

मला ते पटलं. कोणालाही पटलं असतं.

ऑपरेशनला फार वेळ लागला नाही. बाहेर आल्यावर वन्सं एवढंच म्हणाल्या, "आत केस जळल्याचा वास येत होता. मला वाटलं कोणी ड्रायर जवळ धरलाय, तर माझेच डोळे." तो दिवस त्यांनी डोळे मिटून, चरफडत काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र आमच्या घरात एकच धमाल उडाली. वन्संना खिडकीबाहेरच्या झाडाची पानं सुटी सुटी दिसत होती. समोरच्या इमारतीवरच्या पाट्या त्यांनी मोठ्यानं वाचून काढल्या. मग त्यांची नजर घरात वळली. छताच्या कोपऱ्यातली जळमटं, माझ्या ओढणीचं भोक, भावाच्या डोक्यावर पडू लागलेलं टक्कल, काही म्हणता काही सुटलं नाही. "एवढी वर्षं मी कुठं राहत होते?" त्या म्हणाल्या. त्यांना इतकं खूश मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि त्या आनंदात खोटं काही नव्हतं. तपासून घ्यायला गेल्या तेव्हा लेझरबाईनं त्यांचा अंगठा वर केलेला फोटो काढून घेतला.

मग पार्लर उघडलं आणि आमच्या वकीलबाई आल्या. जुनं गिऱ्हाईक. बसल्याबरोबर मान टाकून डोळे मिटून घेणाऱ्या. वन्संनी दोरा तोडला, दातात धरला आणि सवयीनं चेहरा वकीलबाईंच्या कपाळाशी नेला.

मी बाजूच्या खुर्चीपाशी होते. वन्सं थबकलेल्या मला दिसल्या. त्या मागे झाल्या, पुन्हा पुढे झाल्या. डोळे चोळले. पुन्हा पुढे. मला वाटलं कोरडेपणा असेल. त्यांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी मनाचा हिय्या केला आणि हाताच्या भरवशावर दोरा चालवला. हात वर्षानुवर्षांचा, त्याला वाट पाठ होती. पण भुवई काही पाठ करून होत नाही. दोरा उचलला तेव्हा वकीलबाईंच्या डाव्या भुवईला मधोमध खिडकी पडली होती.

वकीलबाईंनी आरशात बघितलं आणि बोटानं भुवई चाचपली. मग म्हणाल्या, "उद्या माझी उलटतपासणी आहे. साक्षीदार माझ्या तोंडाकडे बघणार." मी पेन्सिलीनं ती खिडकी भरून दिली. त्या रागावल्या नाहीत, पण दारातून जाताना त्यांनी वन्संकडे जसं पाहिलं, ते राग परवडला असं होतं.

त्याच दुपारी आम्ही डॉक्टरकडे गेलो. वन्संनी तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचली. डॉक्टर म्हणाला, "उत्तम. याहून चांगला निकाल लागत नाही."

"मग मला जवळचं का दिसत नाही?"

"जवळचा चष्मा लागेल. मी म्हटलं होतं."

"पण मला ते दिसत होतं! चष्मा काढला की दिसत होतं!"

"तुमच्या नंबरामुळेच दिसत होतं," डॉक्टर समजावून सांगू लागला. "तुमचे डोळे जन्मभर जवळच्या अंतराला लावून ठेवल्यासारखे होते. आपण ते दूरला लावले. आता या वयात ते आपोआप जवळ येत नाहीत."

"परत लावता येतील?"

डॉक्टरनं नकारार्थी मान हलवली. त्याला खरंच वाईट वाटलं असावं. "तुम्ही काम काय करता?" त्यानं विचारलं. आता विचारलं. वन्संनी सांगितलं, आणि तो नुसताच हातातलं पेन उघडझाप करत राहिला.

घरी आल्यावर वन्सं न्हाणीघरात गेल्या आणि नळ सोडून बसल्या. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल. ड्रॉप घातले म्हणाल्या. ड्रॉपची बाटली माझ्यासमोर काउंटरवर होती.

मी चहा ठेवला आणि मनात होतं ते बोलून टाकलं. "दोऱ्याचं मी शिकून घेते. तुम्ही फेशियल बघा."

"माझा हात शाबूत आहे," त्या म्हणाल्या. "अंतर तेवढं बदललंय. अंतर शिकता येतं."

"आणि नाही आलं तर?"

"तर मग तू शीक. पण आधी मी."

वन्संचा दोरा गेला तर आपल्या घरात वन्सं काय म्हणून राहतील, हे मला उघड उघड दिसत होतं. भावाकडे राहणारी बहीण. मला त्याचं काही वाटलं नसतं, त्यांच्या भावाला तर नाहीच. वन्संना वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चष्म्याच्या दुकानातून जवळचा चष्मा आणला आणि दोऱ्याच्या कामाला कुलूप लावलं. आलेल्या बायकांना सांगायचं, वन्संची सुट्टी आहे. आतल्या खोलीत मात्र सुट्टी नव्हती. नव्या चष्म्यातून केस दिसत होता, पण लांबून. चेहरा जवळ नेला की सगळं धुकं. आणि लांब राहायचं म्हणजे सगळंच बिघडतं, कारण दोऱ्याचं एक टोक दातात असतं. तोंड मागे गेलं की दोरा लांब, दोरा लांब झाला की पीळ ढिला, पीळ ढिला की केस उपटण्याऐवजी तुटतो. वीतभर अंतरावर घडलेल्या हाताला हातभर अंतरावर काम करायचं होतं. वन्सं शिकाऊ पोरीसारख्या स्वतःच्या पिंडरीवर दोरा चालवायला बसल्या. दोन्ही पिंडऱ्या गुळगुळीत झाल्यावर माझ्या घेतल्या. मग त्यांनी भावाकडे पाहिलं.

"मी पुरुष आहे," तो म्हणाला.

"भुवया आहेत ना? बस."

तो ऑफिसला गेला तेव्हा सायबानं त्याला विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना? तरी तो रोज संध्याकाळी मुकाट्यानं खुर्चीत बसत होता. एवढ्यावरून मी त्याचे पुष्कळ अपराध माफ केले.

डोळे मधेच आग आग व्हायचे. वन्सं थांबायच्या, ड्रॉप घालायच्या, पुन्हा दोरा दातात. गिऱ्हाइकाची खुर्ची आम्ही खाली घेतली, त्यांच्यासाठी उंच स्टूल आणलं. एकदा मी म्हटलं, पुरे आता. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प कपडे वाळत घालायला गेले.

अशात कोपऱ्यावरचा जुना फलक उतरला आणि नवा लागला. त्यावर आमच्या वन्सं. अंगठा वर, तोंडभर हसू आणि खाली मोठ्या अक्षरांत 'आता मला सगळं दिसतं!' असं त्या कधी म्हणाल्याच नव्हत्या. पार्लरच्या दारातून तो फलक सरळ समोर दिसायचा, आणि दूरचं तर त्यांना आता लख्ख दिसत होतं. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन भांडते. वन्सं म्हणाल्या, "भांडून काय सांगणार? माझं मलाच अजून पुरतं कळलेलं नाही. आधी दोरा."

फलक बघून बायका विचारायला येऊ लागल्या. त्यात एक मुलगी होती, लग्न ठरलेली, जाड काचांचा चष्मा घालणारी. तिच्या होणाऱ्या सासरच्यांना चष्मा नको होता. ती दर दोन दिवसांनी येऊन बाकावर बसे. "ताई, करू का सांगा ना. तुम्ही म्हणाल ते करते." वन्सं म्हणत, "थांब. अजून मला सांगता येत नाही."

मग एका सकाळी लेझरबाई आली. रविवारी क्लिनिकमध्ये मुलींचा आणि त्यांच्या आयांचा कार्यक्रम होता. वन्संनी स्टेजवर चार वाक्यं बोलायची होती. वाक्यं तिनं लिहूनच आणली होती. शिवाय तिला स्वतःच्या भुवया करून हव्या होत्या. बाकावर चष्मेवाली मुलगी होतीच.

मी कात्री खाली ठेवून तिला नाही सांगायला पुढे झाले. वन्संनी मला हातानं अडवलं.

"मी करते," त्या म्हणाल्या. मग माझ्या कानाशी, "बिघडल्या तर हिच्याच बिघडू देत."

त्या स्टुलावर बसल्या. जवळचा चष्मा नाकावर घेतला. लांब दोरा तोडला, टोक दातात धरलं आणि ताठ बसून काम सुरू केलं. लेझरबाईनं कातडी ताणून धरली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते सगळ्यांनाच येतं. दोरा कुठेही अडखळला नाही. एक भुवई झाली, आणि मला पार्लरच्या मधोमध रडू फुटलं. मी टॉवेल तोंडाला लावला.

"डोळे उघड," वन्संनी तिला सांगितलं. दोन्ही भुवयांची उंची जुळवून बघायची होती. त्या बघत राहिल्या. जरा जास्तच वेळ.

"पोरी, तुझ्या डोळ्यात लेन्स आहे."

लेझरबाईनं गळ्यातलं ओळखपत्र सारखं केलं. मग म्हणाली, "ड्युटीवर चष्मा चालत नाही, मॅडम."

"मग ऑपरेशन का नाही करून घेतलंस? तुला तर घरचंच."

"डॉक्टर नाही म्हणाले. माझं बुबुळ पातळ आहे. केलं तर पुढे नजर कायमची बिघडू शकते म्हणाले."

"भला माणूस आहे मग."

"हो."

"आणि हे तू कोणाकोणाला सांगतेस?"

"कोणालाच नाही," ती म्हणाली, आणि या वेळी डोळ्यांतलं पाणी दोऱ्याचं नव्हतं.

मी असते तर तिला एका भुवईवर घरी पाठवली असती. खोटं कशाला सांगू? वन्संनी दुसरी भुवई केली. पहिलीइतकीच शांतपणे, पहिलीइतकीच नेटकी. मग पावडर झटकली आणि तिनं आणलेला वाक्यांचा कागद घडी करून तिच्या मांडीवर ठेवला.

"रविवारी मी येते. पण माझं मी बोलणार. दूरचं काय मिळालं ते सांगेन आणि जवळचं काय गेलं तेही सांगेन."

"मग ते तुम्हाला स्टेजवर चढू देणार नाहीत."

"मग इथं बोलेन. माझ्या खुर्चीत बाई डोळे मिटून बसते, कान मिटून नाही."

बाकावरची मुलगी उठून उभी राहिली होती. वन्सं तिच्याकडे वळल्या. "तू काम काय करतेस?"

"लॅबमध्ये. दातांच्या कवळ्या करते."

"चष्मा लावून की काढून?"

"काढून," ती म्हणाली. "जवळून बारीक बघावं लागतं ना."

वन्संनी तिला सगळं सांगितलं. पानांचं सांगितलं, जळमटांचं सांगितलं, वकीलबाईंच्या भुवईचं सांगितलं, रात्री दिव्यांना फुटणाऱ्या वलयांचं आणि रोजच्या ड्रॉपचं सांगितलं. "तू लहान आहेस. तुझं जवळचं आज जाणार नाही, चाळिशीत जाईल. पण तेव्हाही तू कवळ्याच करत असशील."

"मग करू की नको?"

वन्सं म्हणाल्या, "ते मी सांगणार नाही. मी माझ्यावर करून बघितलं, त्यातून माझ्याच डोळ्यांचं कळलं."

मुलगी रडवेली झाली. तिला हो किंवा नाही हवं होतं, आणि सगळ्यांना तेच हवं असतं. लेझरबाई पर्स खांद्याला लावून दारापर्यंत गेली होती. ती थांबली आणि मागे वळली.

"आधी त्यांना विचार, माझं बुबुळ केवढं जाड आहे," ती त्या मुलीला म्हणाली. "आकडा विचार. नुसतं ठीक आहे म्हणाले तर उठू नकोस. आणि मला त्यांनी नाही म्हटलंय, हेही लक्षात ठेव." मग तिनं वन्संकडे पाहिलं. "रविवारी हे मीच स्टेजवरून बोलले तर माझी नोकरी जाईल, मॅडम."

"जाईलही," वन्सं म्हणाल्या. त्यांनी स्टूल जरा पुढे ओढलं, मुलीला खुर्चीत बसवलं आणि नवा दोरा तोडला. "मी पहिल्या रांगेत बसते. तू सुरुवात कर, पुढचं मी बोलते."